मदत हवी आहे: पेठेतल्या रिकाम्या शाळेची इमारत मुलांसाठीच कशी राखता येईल?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या मंडईजवळची आमची पालिकेची प्राथमिक शाळा पट कमी झाल्यामुळे शेजारच्या शाळेत सामावून घेतली. नवी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पहिली ते पाचवीसाठीची 1 किलोमीटरची अटही पाळली गेली आहे, त्यामुळे समायोजनाबद्दल माझी तक्रार नाही. सात-आठ मुलांच्या वर्गापेक्षा पंचवीस मुलांच्या वर्गात माझी मुलगी जास्त रमते.

प्रश्न मागे राहिलेल्या इमारतीचा आहे. दुमजली आहे, पुढे थोडं मैदान आहे, आत जुनी बाकं रचून ठेवली आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून या भागातल्या जागांकडे सगळ्यांचंच लक्ष आहे. कोणी म्हणतं इथे गाळे निघणार, कोणी म्हणतं जागा एखाद्या संस्थेला देणार. लेखी काहीच नाही.

पेठांमधली कुटुंबं धायरी, कोंढवा, वाघोलीकडे गेली म्हणून पट घटला, हे खरं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली, शाळांची गरज आता तिकडे आहे. इथली जागा विकून तिकडे वर्ग बांधावेत, असं आमच्या शेजारच्या काकांचं मत आहे आणि त्यात तथ्य आहे. पण इथे जुने वाडे पाडून इमारती उठताहेत. पाच-दहा वर्षांनी त्यांत मुलं असतील. तेव्हा मध्यवस्तीत मैदानासकट शाळेची जागा कुठून आणणार?

तोवर मला सुचतं ते असं: सकाळी अंगणवाडी, दिवसभर पाळणाघर (मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांची तान्ही मुलं टोपल्यांच्या आडोशाला झोपलेली असतात, त्यांचा विचार कोणीच करत नाही) आणि संध्याकाळी एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका. मुदत थोडी, आणि शाळेला गरज लागली की जागा परत.

यासाठी अर्ज कुणाकडे करायचा? शिक्षण विभाग, की मालमत्ता व्यवस्थापन विभाग? आणि आमची शाळा व्यवस्थापन समिती आता उरलीच नाही, मग पालकांच्या शब्दाला वजन कसं येणार?

प्रतिसाद

ताई, दोन्हीकडे द्या, पण आधी कागद गोळा करा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, म्हणजे मालक कोण ते कळेल. पेठांत काही शाळा भाड्याच्या वाड्यांत भरत, काही जागा दान मिळालेल्या. दानपत्रात 'शाळेसाठीच' अशी अट असेल तर तुमचं निम्मं काम झालं. मग पालिकेतून झोन दाखला (जागा कशासाठी राखलेली आहे ते सांगणारा) घ्या. शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर शाळेचं आरक्षण असेल तर ते बदलायला नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. गाळ्यांची चर्चा खरी असली तरी गुपचूप काही होणार नाही.

महापालिका अधिनियमाच्या कलम 79 चा सर्वसाधारण नियम असा की पालिकेची जागा चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पाळणाघरासाठी बाहेरची संस्था आणलीत तर अडचण इथेच येईल, तिला ते भाडं झेपणार नाही. अभ्यासिका पालिकेने स्वतः चालवली तर हा प्रश्न येत नाही, म्हणून मागणीची सुरुवात तिथून करा. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची, त्यांचं पत्र वेगळं लागेल.

समितीचं म्हणाल तर नव्या शाळेच्या समितीत जा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. शाळा विकास आराखडा तीच समिती तयार करते. जुनी इमारत 'या शाळेची वाढीव जागा' म्हणून त्यात लिहून घ्या आणि तसा ठराव करा. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा तो फाईलवर जास्त टिकतो. इमारत जुनी दिसते, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) झालंय का तेही विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस.

धागाकर्ती

खूप आभार दादा. दानपत्राचं तर डोक्यातच नव्हतं. आमच्या गल्लीतल्या आजी सांगतात की ती जागा पूर्वी कुणा सावकाराची होती. इतकी जुनी दानपत्रं दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणीच्या कार्यालयात) मिळतात का? कोणी अशी काढली असतील तर कृपया सांगा, सोमवारी मी मिळकत पत्रिकेसाठी जातेच आहे.