घरचा ग्रुप : बोअरचं पाणी अन् ते मशीन

धाकटी काकू: आज पान्याची मशीन विकनारा आला होता. दोन ग्लासात थेंब टाकले त्यानं. आपल्या आरओचं पानी पिवळं झालं, त्याच्या मशीनचं जांभळं. म्हने पिवळं म्हंजे तेजाबी, त्यानंच पित्त होते. घ्याची काय? मायं पित्त तर जातच नाई.

मोठे काका: केवढ्याले?

धाकटी काकू: हप्त्यानं देतो म्हने.

ताई: काकू, आज हो म्हणू नका. थेंब खोटे नाहीत, पण ते फक्त पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क याचं माप, दाखवतात. ७ मधोमध, खाली आम्ल, वर अल्क. एका अंकाला दहापट फरक, म्हणून ७ अन् ९ मध्ये शंभरपट. आरओच्या पडद्यात क्षार अडतात, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरपार जातो. त्याचं थोडं आम्ल होतं अन् त्याला आवरणारे क्षार उरलेले नसतात, म्हणून पीएच खाली येतो. स्वच्छ पावसाचं पाणीसुद्धा ५.६ च्या आसपास असतं. आपली आजी पत्र्यावरचं पाणी कपड्यानं गाळून प्यायची, तेही तसंच होतं. आरओच्या ग्लासात चिमूटभर खायचा सोडा टाका, त्या थेंबांचा रंग लगेच बदलेल.

धाकटी काकू: मंग पित्ताचं?

ताई: पोटातल्या रसाचा पीएच १.५ ते ३.५, इतका तो तेजाबी असतो. त्या मशीनचं ग्लासभर अल्कधर्मी पाणी त्यात कितीसं टिकणार? रक्ताचा पीएच तर ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, ते काम फुफ्फुसं अन् मूत्रपिंडं करतात. पित्त जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, मी येते सोबत.

दादा: पन आपल्या बोअरचं पानी खारं हाय ना. खारं म्हंजे तेजाबी नाई काय?

ताई: नाही दादा, इथंच घोळ होतो. आपण खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भूजलात मीठ अन् सोडियम जास्त, पण आम्ल नाही. मागं बोअरचं पाणी तपासलं तेव्हा पीएच ८.३ होता अन् टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, १८०० मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पीएच ६.५ ते ८.५ सांगतं. टीडीएस ५०० पर्यंत बरा, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे आपलं पाणी आधीच अल्कधर्मी आहे, त्रास क्षारांचा आहे. तो त्या थेंबात दिसतच नाही.

मोठी काकू: अन् त्या पान्यात तुरीची डाळ शिजत नाई ते?

ताई: ते जड पाणी. कॅल्शियम अन् मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, म्हणून दाणा फुटत नाही. पातेल्याला पांढरा थर बसतो तो त्यातलाच. उकळल्यानं थोडा जडपणा जातो, पण मीठ अन् फ्लोराइड जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट दाट होतात. फ्लोराइडचं मला जास्त वाटतं, कारण ते चवीला कळत नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, लेकरांचे दात डागतात.

दादा: फवारनीले तेच पानी चालते काय?

ताई: काही औषधं अल्कधर्मी पाण्यात लवकर फुटून बेअसर होतात. टाकीत कालवून रात्रभर ठेवू नको, मिसळलं की मारून घे. नळाचं पाणी मिळालं तर तेच वापर.

मोठे काका: म्हंजे मशीन नाई घ्याची.

ताई: आधी तपासणी. बोअरचं अन् नळाचं, एकेक लिटर वेगळ्या बाटलीत. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून गळ्यापर्यंत भरा, बोअर आधी पाच मिनिटं चालू द्या. सोमवारी अमरावतीला जाते तेव्हा प्रयोगशाळेत देते. पीएच, टीडीएस, जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट, सगळं करायला सांगते.

धाकटी काकू: त्याले फोन करून नको म्हनते. बाटल्या रविवारी सांजच्याले भरते, तू येजो घ्याले.

मोठी काकू: शेजारच्या हातपंपाचीबी एक भरजो वो, त्याईचे लेकरं तेच पितात.