ग्लिसरीनची बाटली 100 ची, निघालं 80 च!

रविवार, सकाळी 9:10

देशमुख वहिनी, बी-304: सर्वांनी लक्ष द्या 🙏 टाचा फुटल्यात म्हणून काल गेटसमोरच्या मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. बाटलीवर 100 लिहिलंय. गुलाबपाण्यात मिसळायला मापाच्या कपात ओतलं तर जेमतेम 80! सील माझ्या हाताने फोडलंय. पाचवा हिस्सा गायब. फोटो टाकतेय.

शेख भाई, ए-102: सुट्टे नाहीत म्हणून मला दर वेळी चॉकलेटं देतो तो. आता ग्लिसरीनपण?

पाटील (सेक्रेटरी), सी-501: लेटरहेडवर तक्रार करायची का? वहिनी, बिल जपून ठेवा.

जोशी काका, ए-203: जरा थांबा. फोटो मोठा करून बघितला. बाटलीवर 100 ग्रॅम आहे, मिली नाही. वहिनींचा कप मिलीचा. ग्लिसरीन पाण्याच्या सव्वापट जड असतं. 100 भागिले 1.25 करा, 80 येतात. दुकानदाराने थेंबभरही कमी दिलेलं नाही.

देशमुख वहिनी: अय्या! पण काका, पातळ वस्तू ग्रॅममध्ये कशाला विकायची? दूध देतात का कुणी ग्रॅममध्ये?

जोशी काका: दूध भांड्याला चिकटून बसत नाही वहिनी. सरकारी दवाखान्यात मी वर्षानुवर्षं औषधं बनवली. ग्लिसरीन मापनळीत घेतलं की निम्मा वेळ ते निथळायची वाट बघण्यात जायचा, आणि तरी काचेला राहायचंच. एक लिटर कॅलामाईन लोशनला 50 मिली ग्लिसरीन लागतं. आम्ही मापनळीच्या फंदात न पडता भांडं काट्यावर ठेवून 62.5 ग्रॅम ओतायचो. 50 गुणिले 1.25. शिवाय गरम झालं की द्रव फुगतो, वजन मात्र तेवढंच राहतं.

देशमुख वहिनी: हा मेसेज हटवला आहे.

शेख भाई: वहिनी, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे 😂

सायली, सी-202: काका, बरं झालं विषय निघाला. मी डी. फार्म. पहिल्या वर्षाला आहे. स्पेसिफिक ग्रॅव्हिटीच्या उत्तरापुढे ग्रॅम/मिली लिहिलं म्हणून सरांनी मार्क कापले. आकडा बरोबर होता!

जोशी काका: सरांनी योग्य केलं 😄 घनता म्हणजे वजन भागिले आकारमान, तिला एकक हवंच. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तुझी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या किती पट, एवढंच. ग्रॅम/मिलीला ग्रॅम/मिलीने भागलं तर उरणार काय? पाण्याची घनता जवळपास 1 असल्याने दोन्ही आकडे सारखे दिसतात, आणि पोरं तिथेच फसतात. हीच घनता किलो प्रति घनमीटरमध्ये लिहून बघ. ग्लिसरीनची 1250 होईल, विशिष्ट गुरुत्व 1.25 च राहील.

सायली: उद्या परत प्रॅक्टिकल आहे. मागच्या वेळचे आकडे, ग्रॅममध्ये: विशिष्ट गुरुत्व मोजायची बाटली रिकामी 21.30, पाणी भरून 46.30, दिलेला द्रव भरून 52.55.

जोशी काका: तूच कर.

सायली: पाणी 25.00. द्रव 31.25. भागाकार 1.25. अरेच्चा, हे पण ग्लिसरीनच!

जोशी काका: शाब्बास. बुचाच्या बारीक भोकातून वर आलेला थेंब पुसायचा. आणि बाटली तळहातात कवटाळून धरू नकोस, मानेला धर. हाताच्या उबेने द्रव वर चढतो आणि सगळं गणित बिघडतं. सर हेच बघत असतात.

कदम, सी-304: सी विंगला पाणी नाही. कुणी बघणार आहे का?

पाटील (सेक्रेटरी): टँकर 11 ला येतोय.

मेघा, बी-102: काका, विचारायला भीती वाटतेय. पिल्लूच्या तापाच्या औषधाचं माप हरवलं. डॉक्टरांनी 5 मिली सांगितलंय. रात्री मी किचनच्या काट्यावर 5 ग्रॅम मोजून दिलं.

जोशी काका: घाबरू नकोस, पण पुन्हा करू नकोस. सिरप बहुतेक पाण्यापेक्षा जड असतं. नुसता औषधी पाक घे: 667 ग्रॅम साखर, आणि पाणी घालून एकूण 1000 ग्रॅम. त्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण 1.32. म्हणजे त्याचे 5 मिली 6.6 ग्रॅम भरतात, आणि 5 ग्रॅम घेतले तर पावणेचार मिलीच हातात येतात. तुझ्या औषधाचा आकडा बाटलीवर नसणार, त्यामुळे काट्यावर अंदाज बांधूच नये. डोस थोडा कमी गेला असेल, जास्त नाही. भरपाई म्हणून वरून आणखी देऊ नकोस. पुढचा डोस ठरल्या वेळी, मापाने. शंका वाटली तर डॉक्टरांना फोन कर.

मेघा: ताप उतरलाय आता. माप कुठे मिळेल?

जोशी काका: मेडिकलमध्ये तोंडाने औषध द्यायची, सुई नसलेली सिरिंज माग. आणि बाटली आधी नीट हलव, औषध तळाशी बसलेलं असतं. घरातला चमचा नकोच, प्रत्येकाच्या घरी वेगळा.

देशमुख वहिनी: गेटसमोरच्याकडेच जा गं. माणूस चांगला आहे 🙈

शेख भाई: काका, म्हणून तेलाच्या पिशवीवर 1 लिटर आणि 910 ग्रॅम असं दोन्ही छापतात?

जोशी काका: बरोबर. तेल पाण्यापेक्षा हलकं. त्यातही गंमत होती. काही पॅकवर लिटरच्या आकड्याजवळ बारीक अक्षरात तापमान असायचं, कधी कधी चक्क 60 अंश. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 893 च्या आसपास. 60 अंशांचा लिटर म्हणजे पिशवीत तेवढं तेल कमी, आणि लेबल तरी खरंच. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजनही लिहा.

पाटील (सेक्रेटरी): आयतं आठवलं. या महिन्याची तेलाच्या डब्यांची एकत्र ऑर्डर द्यायची आहे. 15 किलोच्या डब्यापेक्षा 15 लिटरचा डबा 120 रुपयांनी स्वस्त पडतोय. लिटरचाच सांगू ना?

सायली: थांबा काका, मी करते! 15 गुणिले 0.91 म्हणजे 13.65 किलो. 1.35 किलो तेल कमी.

देशमुख वहिनी: 120 रुपयांत 1.35 किलो तेल? कुठल्या दुकानात मिळतं ते सांगा, मी आत्ता पिशवी घेऊन निघते.

पाटील (सेक्रेटरी): समजलं. किलोचा. नावं टाका.

शेख भाई: ए-102, दोन डबे.

कदम: सी-304, एक. आणि टँकर अजून आलेला नाही.

देशमुख वहिनी: बी-304, एक. आल्यावर काट्यावर ठेवून बघणार आहे.

जोशी काका: रिकाम्या डब्याचं वजन वजा करायला विसरू नका.