१:३५ रेझिन विजयंता: हलला पीळ, चाकांना छिद्रं, नळी वाकडी. जोडणीचा क्रम काय ठेवू?

संगममाहुली, सातारा

मंडळी नमस्कार. प्लास्टिकची किटं बरीच जोडून झाली आहेत, पूर्ण रेझिनचं मात्र हे पहिलंच. १:३५ प्रमाणातला विजयंता रणगाडा आहे. खोका उघडल्यावर जे दिसलं ते असं: खालचा हल (रणगाड्याचं धड) काचेवर ठेवला की उजवीकडचा पुढचा कोपरा जवळपास दीड मिलिमीटर वर राहतो. हलच्या पोटाला बोटभर जाडीचा ओतकामाचा ठोकळा तसाच आहे. तोफेची नळी मध्ये झुकली आहे. रोड व्हीलच्या (पट्ट्यावर चालणाऱ्या चाकांच्या) कडांना टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं आहेत, काही चाकांवर चार-पाच तरी.

नुसत्या फेविक्विकवर एवढं वजन टिकेल का? आणि साताऱ्यात सध्या पावसाची झड आहे, तर प्राइमर आत्ता मारावा की दसऱ्यापर्यंत थांबावं? १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, शाळेतल्या काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. तिथे तो पुढे वर्षानुवर्षं राहणार, म्हणून पक्कं काम हवं आहे.

दंडोबा, सांगली

ठोकळा आणि बुडबुड्यांची छिद्रं आहेत म्हणजे हे साच्यात ओतलेलं पॉलियुरेथेन. हल्ली थ्रीडी प्रिंटलाही सगळे रेझिनच म्हणतात, पण त्यावर बारीक थरांच्या रेघा आणि आधारकाड्यांचे ठिपके दिसतात आणि त्याची वागणूक वेगळी. खालचं सगळं ओतकामाबद्दल आहे.

पहिल्यांदा भाग यादीशी ताडून बघा. एखादा कमी किंवा तुटका असेल तर करवत लावायच्या आधी विक्रेत्याला फोटो पाठवा, कापलेल्या भागाची तक्रार सहसा कोणी ऐकून घेत नाही. मग धुणं. भाग साच्यातून सुटावा म्हणून साच्याला आतून रिलीज एजंट मारलेला असतो, त्याचा तेलकट थर भागावर राहतो. तो राहिला तर पुढे प्राइमर मास्किंग टेपबरोबर सालीसारखा निघून येतो. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. सगळं पिठाच्या चाळणीत धरून धुवा, हुक किंवा पेरिस्कोपसारखा भाग मोरीत गेला की गेला. या हवेत पंख्याखाली पूर्ण दिवस वाळू द्या, बुडबुड्यांच्या छिद्रांत पाणी अडकून राहतं.

आता क्रम, कारण इथेच किट बिघडतं. ठोकळा कापा, मग पीळ काढा, आणि घासणं सगळ्यात शेवटी. ठोकळा असेपर्यंत हल वाकत नाही, म्हणून तो आधी काढायचा. पण पीळ असतानाच तळ घासून सपाट केलात तर तिरक्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे पातळ होतात आणि पीळ त्या हलमध्ये कायमचा कोरला जातो. मग कितीही गरम केलं तरी उपयोग नाही.

ठोकळा हलला भिडवून कापू नका. एक मिलिमीटर सोडून, रेझर सॉने (बारीक दातांच्या पातळ करवतीने) चारही बाजूंनी थोडं थोडं आत जात कापा. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटच्या टप्प्यात वजनाने ठोकळा तुटतो आणि हलचा टवका सोबत घेऊन जातो. उरलेला मिलिमीटर पीळ काढल्यावर घासायचा. काचेवर १८० नंबरचा वॉटर पेपर चिकटवायचा, वर पाणी घालून हल गोल गोल फिरवायचा, मग ४००. कोरडं अजिबात घासू नका. ही भुकटी फार बारीक असते आणि फुप्फुसात खोलवर जाते. ओल्याने घासतानाही एन-९५ मास्क लावा. करवतीच्या वेळी तर लावाच, तेव्हा भुकटी कोरडीच उडते. गढूळ पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की गाळ तळाला बसतो. तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

पीळ काढायला साधारण ७० अंशांचं पाणी लागतं. थर्मामीटर नसेल तर दोन भाग उकळतं आणि एक भाग नळाचं, हे मिश्रण त्याच्या जवळपास येतं. पसरट ट्रेमध्ये हल पूर्ण बुडवा आणि दोन-तीन मिनिटांनी चिमट्याने कोपरा दाबून बघा. लवायला लागला की काढून काचेवर दाबा, वर आलेला कोपरा किंचित जास्तच खाली न्या, आणि हात न सोडता वर थंड पाणी ओता. रेझिन मूळ आकाराकडे थोडं परततं. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा काचेवर तपासा. दीड मिलिमीटर एका फेरीत जात नाही, दोन-तीन फेऱ्या धरा.

यवतेश्वर, सातारा

भरीव हल असेल तर ७० अंशांनी काही होत नाही, सरळ उकळतं पाणी घ्या आणि दोन मिनिटं टाका. नाहीतर हेअर ड्रायर आहेच.

दंडोबा, सांगली

जाडीचा मुद्दा बरोबर आहे, उकळत्या पाण्याबद्दल मात्र सावध राहा. हल आणि फेंडर (पट्ट्यांवरचे पातळ पत्रे) एकाच तुकड्यात ओतलेले असतील तर फेंडर एक-दीड मिलिमीटरचे आणि हल त्याच्या कितीतरी पट जाड. जाड भाग लवचीक व्हायच्या आत फेंडर पापडासारखे लवतात आणि एक पीळ काढताना दोन नवे येतात. भरीव हल ७० ला हलत नसेल तर तापमान न वाढवता वेळ वाढवा, पाच-सहा मिनिटं, मध्ये पाणी बदलून. त्यानेही नाही झालं तरच ८० पर्यंत जा, आणि तेव्हा फेंडरखाली लाकडी पट्ट्या लावून दोऱ्याने बांधून घ्या. ड्रायर फक्त एखाद्या कोपऱ्यापुरता. त्याची उष्णता एका बाजूनेच लागते, पूर्ण हलला वापरला तर वरची बाजू मऊ आणि खालची कडक राहते.

मिरज जंक्शन

नळी आणि चाकांबद्दल लिहितो.

नळी सरळ होते, टिकत नाही. गरम पाण्यात मिनिटभर धरून काच आणि सपाट लाकडी फळी यांच्यामध्ये लाटली की छान सरळ दिसते. पण लांब, बारीक आणि एकाच टोकाला धरलेली, त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा ४० पार. बंद कपाटात तर आणखी वाढतो. महिन्याभरात टोक पुन्हा खाली येतं. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर लेथवर टर्न केलेली ॲल्युमिनियमची नळी घ्या. विजयंतावर १०५ मिमीची एल-७ तोफ आहे. तीच सेंच्युरियन रणगाड्याच्या नंतरच्या आवृत्त्यांवर होती, त्यामुळे १:३५ मध्ये धातूची नळी मिळणं अवघड नाही. घ्यायच्या आधी एक गोष्ट फोटोंवरून तपासा: धूर बाहेर काढणारं मधलं जाड नळकांडं नळीशी समकेंद्री आहे की एका बाजूला सरकलेलं. एल-७ च्या कुटुंबात दोन्ही प्रकार आहेत. बसवताना वरून आणि बाजूने, दोन्हीकडून सरळ दिसते का बघा. वरून बरोबर दिसणारी नळी बाजूने हमखास नाक खाली घालते.

छिद्रांसाठी फेविक्विकमध्ये खायचा सोडा घालायची युक्ती सगळे सांगतात. चाकाच्या कडेला ती वापरू नका. सोडा क्षणात दगड करतो, आणि तो दगड भोवतीच्या रेझिनपेक्षा कठीण. घासताना रेझिन झिजतं, भरलेली जागा टेंगळासारखी वर राहते. त्याऐवजी पातळ फेविक्विकच्या थेंबात टाल्कम पावडर कालवून साधारण श्रीखंडाएवढं घट्ट करा, टाचणीने छिद्रात दाबून भरा आणि अर्ध्या-एक तासात घासून घ्या. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर तेही कठीण होतं. छिद्राचं तोंड लहान आणि आत पोकळी मोठी असते, म्हणून आधी ०.८ मिमीच्या ड्रिलने तोंड मोकळं करा. नाहीतर वरचा पापुद्रा रंगवून झाल्यावर फुटतो.

विजयंताला प्रत्येक बाजूला सहा दुहेरी रोड व्हील. प्रत्येक चाकाच्या कडेला ओतकामाच्या खुंटीची खूण असणार. ती गुळगुळीत करण्यात वेळ घालवू नका, चाक फिरवून खूण जमिनीकडे, पट्ट्याच्या आत न्या. तिथे किंचित सपाट घासलं गेलं तर उलट रणगाड्याचं वजन खाली बसल्यासारखं दिसतं.

आता चिकटवणं. फेविक्विक ओढ सहन करतो, धक्का आणि तिरका ताण नाही. आणि प्लास्टिकचा सिमेंट विसरा, तो प्लास्टिक विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचं काहीच चालत नाही. ज्या सांध्यावर वजन येतं, म्हणजे चाकांचे आर्म, स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक), टरेटची (तोफेच्या फिरत्या बुरुजाची) कडी, तिथे पितळी तारेची पिन आणि अरल्डाइट. तारेसाठी लांब जायला नको, मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची पितळी तार मिळते, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची, पिनला नेमकी लागते तेवढी. गुंडाळीतली तार पक्कडीत दोन्ही टोकं धरून जोरात ताणली की सरळ होते. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.६ मिमीचं भोक, दोन्ही भागांत तीन-तीन मिलिमीटर खोल. जागा जुळवायला आर्मच्या पिनच्या टोकाला रंगाचा ठिपका लावून हलवर टेकवा, ठिपका उमटेल तिथे भोक. अरल्डाइट रात्रभरात घट्ट होणारा घ्या. पाच मिनिटांच्या प्रकारात चाकांची ओळ सरळ करायला वेळच मिळत नाही. सगळे आर्म लावून झाले की हल उलटा न ठेवता काचेवर चाकांवर उभा करा, खाली कागदाचा तुकडा सरकवून बघा. ज्या चाकाखालून कागद सरकतो तो आर्म तेवढा खाली.

संगममाहुली, सातारा

सगळ्यांचे आभार. तीन फेऱ्यांत पीळ गेला, काचेवर हल आता कुठेच उचलत नाही. पण वरचा हल खालच्यावर बसवला तर मागे जवळजवळ दोन मिलिमीटर फट राहते. पुढून जुळवला की मागे फट, मागून जुळवला की पुढे. माझं कापताना चुकलं का?

दंडोबा, सांगली

तुमची चूक नाही. ओतताना रेझिन थोडं आकसतं, आणि साचा जुना झाला की दोन भाग सारखे आकसत नाहीत. या रणगाड्याचा हल १:३५ मध्ये साधारण सव्वादोनशे मिलिमीटर लांब येतो. त्याचा एक टक्का म्हणजेच तुमची दोन मिलिमीटरची फट. रुंदीला तेवढाच टक्का एक मिलिमीटरच्या आत राहतो, म्हणून बाजूला जाणवत नाही.

लांब भाग घासून आखूड करू नका, पुढच्या उताराच्या पत्र्याचा कोन बिघडेल आणि डोळ्याला तो लगेच खटकतो. समोरून बरोबर जुळवा आणि सगळी फट मागे ढकला. मागच्या पत्र्याच्या आतून ०.५ मिमी प्लास्टिक शीटच्या पट्ट्या फेविक्विकने एकावर एक लावून जागा भरा आणि बाहेरून इपॉक्सी पुटी. एम-सील आतल्या आधाराला ठीक आहे, बाहेरच्या कडेला नको, त्याचा कण जाड असतो आणि धार येत नाही.

यवतेश्वर, सातारा

पावसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुटी, पिना, चाकं ही कामं पावसात बिनधास्त करा, दमटपणाने फेविक्विक उलट लवकर धरतो. फक्त नुकतेच चिकटवलेले भाग बंद डब्यात ठेवू नका, वाफ भागावर बसून पांढरी बुरशीसारखी झाक येते. फेविक्विकची बाटली मात्र घट्ट बंद करून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात घालून फ्रीजमध्ये.

प्राइमर वेगळी गोष्ट. रेझिनवर पाण्यातला ॲक्रिलिक थेट धरत नाही, लॅकर प्राइमर लागतो. लॅकरचा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं, रंग दुधाळ होतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर थांबाच. दहा दिवसांत एखादी कोरडी दुपार मिळते, तेव्हा चाचणीचा पातळ हात मारा. पहिल्या हातातच राहिलेली छिद्रं उघडी पडतात, ती भरायला पुढचे आठवडे आहेतच. शेवटचा प्राइमर आणि रंग दसऱ्यानंतर. वाळवायला बल्बची पेटी करणार असाल तर आत ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर काढलेला पीळ परत येईल.

रंग ऑलिव्ह ग्रीन. नगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता उभा आहे, बिजागऱ्या, हुक, मागच्या जाळ्या यांचे जवळून फोटो काढायला तिथे जाणं सार्थकी लागतं. छटा मात्र तिथून उचलू नका, उघड्यावर ठेवलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवाव्या लागतात. जुने फोटो बघून गडद हिरव्यात दहाव्या हिश्शाएवढा फिकट पिवळट रंग मिसळा. लहान मॉडेलवर मूळ छटा जास्तच काळपट दिसते.

संगममाहुली, सातारा

शेवटचा प्रश्न. भरीव हल, शिवाय धातूची नळी. एवढं वजन बारा आर्मवर कपाटात कायमचं ठेवलं तर उन्हाळ्यात बसणार नाही का?

मिरज जंक्शन

बसेल, म्हणून वजन चाकांवर ठेवूच नका. पट्टे लावायच्या आधी हलच्या पोटात दोन ठिकाणी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यरेषेवर, एम-३ चे नट अरल्डाइटने बसवा. नटच्या कोपऱ्यांपेक्षा किंचित मोठी भोकं पाडा आणि आतल्या भिंती करवतीने खरवडून घ्या, गुळगुळीत भोकात नट फिरतो. नटच्या आट्यांत आधी मेण भरा म्हणजे अरल्डाइट आत जाणार नाही. मॉडेल ज्यावर बसवणार त्या पाटाला खालून एम-३ चे बोल्ट, आणि पाट व पोट यांच्या मध्ये पितळी नळीचे दोन तुकडे, पोट ते पाट या उंचीएवढे, पण कागदाच्या जाडीने जास्त. म्हणजे वजन नळ्यांवर उभं राहतं आणि चाकं पट्ट्याला नुसती टेकतात. पाटावर माती किंवा गवत करणार असाल तर ही उंची मातीचा थर धरून मोजा आणि नळ्या शेवटी कापा.

पट्टे रेझिनचेच असतील तर प्रत्येक लांब तुकडा ६५-७० अंशांच्या पाण्यात दहा सेकंद धरून स्प्रॉकेटवर वळवा. गार असताना वाकवला की काचेसारखा तुटतो. वरच्या बाजूला रिटर्न रोलरच्या (पट्ट्याला वर आधार देणाऱ्या लहान चाकांच्या) मधे झोळ द्यायला तुकडा मऊ असतानाच बोटाने दाबायचा, आणि जोड खालच्या बाजूला, मातीत जाईल असा.