फॉर्म भरायच्या दुकानात पीडीएफ लहान करायला भरवशाची साइट कुठली?

विश्रामबाग_झेरॉक्स

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आसपास कॉलेजं, त्यामुळं निम्मं गिऱ्हाईक पोरा-पोरींचं, बाकी गावाकडनं कामाला आलेली माणसं. पोलीस भरती, स्कॉलरशिप, लाडकी बहीण, गाडीची नंबरप्लेट, सातबारा, ज्याचा हंगाम असेल ते.

सरकारी साइटला सगळं मापात लागतं हे तुम्हाला माहीतच आहे. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, महाडीबीटीला, म्हणजे सरकारी स्कॉलरशिप-योजनांच्या साइटला, कागद २५६ केबीच्या आत. आमचा स्कॅनर एकेका पानाची दोन-दोन एमबीची फाइल काढतो. मग या धंद्यात सगळेच करतात तेच मी करते. गूगलवर ‘कॉम्प्रेस पीडीएफ’ टाकायचं, वर जी साइट येईल तिथं अपलोड करायचं, लहान झालेली फाइल उतरवून घ्यायची. परवा भरतीची एक मुलगी काउंटरवर वाकून स्क्रीन बघत होती. म्हणाली, “काकू, माझं आधार आत्ता कुठं पाठवलंत?” म्हटलं साइटवर. “कुणाच्या?” म्हणाली. आता हे कुणाला माहीत असतंय?

तर यातली भरवशाची साइट कुठली ते सांगा. थोडे पैसे गेले तरी चालतील, पण महिन्याच्या महिन्याला नकोत. मशीन आय-थ्री, विंडोज १०. मोबाइलवर स्कॅनचं ॲप कुठलं बरं तेही सांगा. आणि माझ्याकडं काम शिकायला येणारा मुलगा म्हणतोय, यूट्यूबच्या एका व्हिडिओखाली पीडीएफ एडिटरचं ‘फुल व्हर्जन’ फुकट दिलंय, फक्त इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायचा. टाकू का?

बत्तीस_शिराळा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. टाकू नका. अँटिव्हायरस बंद करायला लावणाऱ्या वस्तूबद्दल आणखी काही विचारायचं उरतच नाही. विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारी जी फाइल पेनड्राइव्हवरनं फिरत असते, तिचीही हीच गत. बाकीचं जाणकार सांगतील.

मिरजेचा_निवृत्त

ताई, साइट कुठलीच नको. फाइल लहान करायला ती दुकानाबाहेर जायची गरज आहे का, हे आधी विचारा. नाही ना? मग बाहेरच्यांतला भला कोण हे शोधत कशाला बसायचं?

मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होतो, आता रिकामा आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल. घाईत असाल तर रात्री वाचा.

फाइल मुळात एवढी मोठी का होते ते बघा. तुमचा स्कॅनर बहुधा ३०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) आणि रंगीत लावलेला असणार. ए-फोर पान ३०० वर स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. तेच १५० वर १२४० गुणिले १७५४, म्हणजे बरोब्बर चौथा हिस्सा. उत्पन्नाचा दाखला नाहीतर मार्कलिस्ट वाचायला १५० पुष्कळ झालं. रंग काढून ग्रे केलं की आणखी हलकं. आधी आपणच फाइल फुगवायची आणि मग कुणा अनोळखी माणसाकडनं ती चेपून आणायची, असा उद्योग सगळ्या जिल्ह्यात चाललाय.

नॅप्स-टू नावाचं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर आहे. फुकट, ओपन सोर्स, दुकानात वापरायलाही मुभा. त्यात प्रोफाइल करून ठेवता येतात. एकाला नाव द्या ‘महाडीबीटी’. १५० डीपीआय, ग्रेस्केल, आणि ॲडव्हान्स्डमध्ये इमेज क्वालिटी म्हणून एक पट्टी आहे ती ४० च्या आसपास आणा. दुसरं ‘रंगीत शिक्का’, निळा-जांभळा शिक्का दिसायलाच हवा अशा कागदांसाठी. पान ठेवायचं, प्रोफाइल निवडायचं, स्कॅन, सेव्ह पीडीएफ. साइज बघायची. तरी २५६ च्या वर गेली तर पट्टी आणखी खाली ओढून पुन्हा एकदा स्कॅन. अक्षर फाटायला लागलं की थांबायचं, छाननीत बसलेल्या माणसाला ते वाचायचं असतं.

गिऱ्हाईक फोनवरनं तयार पीडीएफ पाठवतं, ती मोठी असली तर पीडीएफ-ट्वेंटीफोर. याची वेबसाइट आहे आणि विंडोजवर टाकायचं ‘क्रिएटर’पण आहे. आपल्याला ते क्रिएटर हवं, वेबसाइट नको. पानं जोडायला-तोडायला पीडीएफसॅम बेसिक. फोटो-सहीला तर काहीच टाकायला नको, विंडोजचं पेंट आहे की! बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनेत फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि सही १४० गुणिले ६० असं छापलेलंच असतं. रीसाइजमध्ये पिक्सेल निवडून ते आकडे घालायचे.

आणि एक. आपले सरकारवरनं आलेला डिजिटल सहीचा दाखला असेल तर तो प्रिंट काढून परत स्कॅन करू नका, दाबूही नका. दाबलेल्या फाइलमध्ये ती सही ग्राह्य राहत नाही. मूळ फाइल मापात बसते का ते आधी बघा.

आता भरवशाचं. कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा आणि एखादी फाइल लहान करून बघा. झाली तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. ‘इंटरनेट तपासा’ म्हणून अडून बसलं तर फाइल वर जात असावी असंच धरा, नाव कितीही मोठं असो. एवढ्यानं ते साळसूद ठरतं असं नाही, नेट आल्यावर काय करतं ते वेगळं. पण अपलोडवाले इथंच गळतात, आणि ही तपासणी तुमच्या शिकाऊ मुलालाही करता येते.

सॉफ्टवेअर घेताना गूगलवर सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं त्याला हात लावू नका. जाहिरात कुणीही विकत घेतो. बनावट डाउनलोडची दुकानं तिथंच मांडलेली असतात. पत्ता हातानं टाइप करा: नॅप्स-टू डॉट कॉम (naps2.com), पीडीएफ-ट्वेंटीफोर डॉट ऑर्ग (pdf24.org), पीडीएफसॅम डॉट ऑर्ग (pdfsam.org). फुकटात फाइल बदलून देणाऱ्या साइटवरनं व्हायरस येतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं मार्च २०२५ मध्ये दिला होता. म्हणजे जाताना तुमचा कागद जातो आणि येताना काय येईल ते त्यांनाच ठाऊक.

तासगाव_बेदाणा

काकांनी मोबाइल ॲपचं सोडलं म्हणून लिहिते. कॅमस्कॅनर सगळ्यांच्या फोनमध्ये होतं, दहा कोटींच्या वर डाउनलोड. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरसवाल्यांना त्यातल्या जाहिरातीच्या भागात घातक कोड सापडला आणि गूगलनं ते प्ले स्टोअरवरनं काढलं. नंतर साफ होऊन परत आलं, पण जून २०२० मध्ये भारत सरकारनं ५९ ॲप बंद केली त्यात तेही गेलं. वर्षानुवर्षं बरं चाललेलं ॲप एका अपडेटनं असं होऊ शकतं, म्हणून डाउनलोडचा आकडा आणि स्टार बघून मी आता काही टाकत नाही. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, पण फाइल ड्राइव्हवर जाऊन बसते, तेव्हा दुकानाच्या खात्यावरनं गिऱ्हाइकाचं काही स्कॅन करू नका. स्कॅनर असताना मोबाइल हवाच कशाला?

कुठल्याही फाइलचा संशय आला तर व्हायरसटोटलवर टाका, साठ-सत्तर अँटिव्हायरस एकदम तपासून देतात. फुकट आहे.

मिरजेचा_निवृत्त

बेदाणाताई, व्हायरसटोटल चांगलंच आहे, पण तिथं फक्त सॉफ्टवेअरची फाइल टाकायची. गिऱ्हाइकाचा कागद कधीच नाही. तिथं आलेल्या फाइली सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपन्यांना बघायला मिळतात, ती साइट चालतेच तशी. लोक ‘संशयास्पद पीडीएफ’ म्हणून पगाराच्या स्लिपा तिथं टाकतात. हेतू चांगला, पण कागद गावभर.

पोवई_नाका

साताऱ्यात माझंही असंच सेंटर आहे. काकांचं सगळं खरं, पण शेवटच्या तारखेला बाहेर रांग, सर्व्हर डाऊन, आणि माणूस म्हणतोय “साहेब, पाचची एसटी आहे”, तेव्हा कोण प्रोफाइल निवडत बसणार? प्रोफाइल हंगामाच्या आधी करून ठेवा, त्या दिवशी जमत नाही. एवढं सोडलं तर माझ्या मते सॉफ्टवेअर हा या धंद्यातला मोठा धोका नाहीच. मोठा धोका आपल्या वहीत आहे.

आपण गिऱ्हाइकाचं खातं उघडतो, मोबाइल नंबर त्याच्याकडं नाही म्हणून आपला घालतो. पासवर्ड काय? नाव, ॲट, १२३. सगळ्यांना तोच. मग लॉगिन आणि पासवर्ड लाल कापडी बांधणीच्या वहीत, आणि वही काउंटरवर, उघडी. पुढच्या वर्षी माणूस दुसऱ्या सेंटरला गेला की ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि तो आपल्याला फोन करतो. माझ्याकडं आता नियम केलाय. नंबर त्याचा नाहीतर घरातल्या कुणाचा तरी. पासवर्ड त्यानंच टाइप करायचा, चिठ्ठीवर लिहून खिशात घालून न्यायचा. म्हातारी माणसं कुरकुर करतात, पण चिठ्ठी पासबुकात ठेवतात आणि पुढच्या वेळी बरोबर काढून देतात. लॉगिन क्रोमच्या गेस्ट विंडोत, म्हणजे बंद केली की आतलं काही मागं राहत नाही. उतरवलेल्या फाइली मात्र राहतात, त्या हातानं काढायच्या.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही त्याच माणसाच्या फॉर्मवर आपल्या समोर! नुसता ओळखीचा पुरावा हवा असेल तिथं मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

आणि दुकानाचा वॉट्सॲप. आपण दिवसभर अनोळखी नंबरवरनं आलेल्या फाइली उघडतो, तोच आपला धंदा. बदमाशांना यापेक्षा सोपं कोण सापडणार? चलान म्हणून, लग्नपत्रिका म्हणून, पीएम किसान म्हणून जे येतं त्याचं शेपूट बघा. कागद हा पीडीएफ नाहीतर जेपीजी असतो. शेवटी एपीके किंवा ईएक्सई (म्हणजे फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम) असलेला कागद जगात नाही. दुकानाचा फोन वेगळा, बँक आणि यूपीआयचा फोन वेगळा. तरी पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

मिरजेचा_निवृत्त

वहीचा मुद्दा माझ्यापेक्षा वरचढ आहे, मान्य. पत्त्याच्या शेपटाबद्दल थोडं मीही घालतो, कारण हा माझा जुना प्रांत. लाडकी बहीण असो नाहीतर महाडीबीटी, पत्ता महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन नं संपला पाहिजे. आधी काय आहे त्याला किंमत नाही, शेवट बघायचा. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. हा शेवट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. आपल्याकडच्या पतसंस्था मात्र बँका नव्हेत, त्यांच्या पत्त्यावर हे दिसणार नाही. तिथं शाखेत जाऊन पत्ता लिहून आणणं बरं.

बत्तीस_शिराळा

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलेत, ते कुणी बोललं नाही. विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाका ताई, जुन्या आय-थ्रीवर पळतं.

विश्रामबाग_झेरॉक्स

दादा, अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा डोंगल लिनक्सवर चालतो का?

बत्तीस_शिराळा

तुमचं मॉडेल बघावं लागेल. बहुतेकांचे ड्रायव्हर विंडोजचेच असतात. मग राहू दे. घरगुती विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात, सेटिंग्जच्या अपडेटमध्ये नोंदणीचा पर्याय दिसतो का बघा. तेवढ्यात मशीन बदलायचं मनावर घ्या.

विश्रामबाग_झेरॉक्स

सगळ्यांचे आभार. नॅप्स-टू टाकलं, वायर काढून बघितलं, चाललं. मार्कलिस्ट १५० ग्रेमध्ये मापात बसली. जातीच्या जुन्या हस्तलिखित दाखल्याला मात्र नाही जमलं, मोडीसारखं गिचमिड अक्षर, १५० ला पुसटच येतंय. तो २०० वर काळा-पांढरा केला तर वाचता आला आणि फाइलही लहान झाली. पोरानं तिसरं प्रोफाइल केलंय, नाव ‘आजोबा’.

आता राहिला डाउनलोड्सचा फोल्डर. उघडून बघितला तर २०२१ पासूनची आधारकार्डं. शिफ्ट-डिलीट मारू का एकदम? आणि रोज हातानं काढायचं माझ्याच्यानं होणार नाही, खरं सांगते.

पोवई_नाका

मारा, पण आधी त्यातनं तुमच्या स्वतःच्या पावत्या, जीएसटीचे चलान आणि ड्रायव्हरच्या फाइली वेगळ्या फोल्डरला हलवा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथं स्टोरेज सेन्स आहे. डाउनलोड्ससाठी मुदत निवडता येते: १ दिवस, १४, ३०, ६०. आपसूक ती बंद असते. १ दिवस करा. वॉट्सॲपच्या प्रायव्हसीत नव्या चॅटना २४ तासांचा डिफॉल्ट टायमर आहे, तोही लावा. आणि फोनच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरतात ते बंद करा, नाहीतर इकडं पुसाल आणि तिकडं गॅलरीत राहतील.