मदत हवी आहे: मॅनेजरपद सोडून पुन्हा फर्मवेअरकडे, तेही नाशिकमध्ये राहून

नमस्कार मंडळी,

मुद्द्याचं आधी सांगते. मी पुण्यातल्या एका आयटी सेवा कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. काम घरून, नाशिकला इंदिरानगरमधून चालतं. मला मॅनेजरपद सोडून पुन्हा एम्बेडेड फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतल्या चिपवर चालणारा कोड, लिहायचं आहे आणि नाशिक सोडायचं नाही. ज्यांनी असा बदल केलाय, किंवा असा बदल करणाऱ्यांना ज्यांनी कामावर घेतलंय, त्यांचा सल्ला हवाय.

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. पहिली नोकरी नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत, मोटर प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की मोटर बंद करून वाचवणारं उपकरण) बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. सी मध्ये कोड लिहायचा, बोर्ड स्वतःच टेबलावर जोडायचा, ऑसिलोस्कोपवर सिग्नल बघायचा आणि काही महिन्यांनी तोच रिले सातपूरच्या एखाद्या कंपनीच्या पॅनेलमध्ये बसलेला दिसायचा. पुढे चांगल्या पगारासाठी आयटीत गेले, टीम लीड झाले, मग मॅनेजर. टीम चांगली आहे, वरिष्ठांशीही पटतं. पण दिवस एस्टिमेट, एस्कलेशन, अप्रेझल आणि क्लायंटच्या कॉलमध्ये जातो. आज काय बनवलं, याचं उत्तर संध्याकाळी नसतं, आणि ते मला आता चालवून घ्यायचं नाही.

हे नक्की कशामुळे झालं तेही सांगते, कारण सल्ला देताना उपयोगी पडेल. दिंडोरीला माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस किंवा जड दव पडलं की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. पान किती तास ओलं राहिलं यावर बरंच अवलंबून असतं. बागेतलं हवामान केंद्र उंचवट्यावर आहे, आणि दव जास्त वेळ टिकतं खालच्या सखल ओळींमध्ये. म्हणून मी ईएसपी३२ ही छोटी कंट्रोलर चिप आणि लोरा (कमी विजेत लांबवर डेटा पाठवणारा रेडिओ) मॉड्यूल घेऊन पानांचा ओलावा मोजणारे नोड, म्हणजे डबीत बसवलेले छोटे सेन्सर, बनवले. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे त्यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो. छाटणी झाल्यावर बाग उघडी होती तोवर सगळे नोड व्यवस्थित बोलत होते. वेली भरू लागल्या तशी लांबच्या ओळींची डेटाची पॅकेट गळायला लागली, कारण हिरव्या पानांतलं पाणी सिग्नल शोषतं. अँटेना मांडवाच्या वर काढल्या तेव्हा ते सुटलं. मग पहाटेच्या वेळीच आकडे भरकटायला लागले. डबी उघडली तर आत बोर्डावर दव! बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ थर) केलं, डबीला खालून श्वासाचं भोक दिलं. आता मामेभाऊ फवारणी ठरवण्याआधी फोनवर आलेख बघतो. हे काम करताना मला जे वाटलं ते गेल्या कित्येक वर्षांत ऑफिसच्या कुठल्याच कामात वाटलं नव्हतं.

आता वाटा. कंपनीतच आर्किटेक्टच्या शिडीवर जाता येईल, असं एचआर म्हणते. पण आमच्याकडचे आर्किटेक्ट मुख्यतः प्रपोजल लिहितात, त्यामुळे ती वाट मी मनातून जवळपास काढून टाकली आहे. दुसरी म्हणजे एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत रिमोट फर्मवेअर इंजिनिअर. पगार टिकेल, पण हार्डवेअरच्या कामाला लॅबमध्ये हजेरी लागतेच. नाशिकहून पुण्याला सरळ रेल्वेमार्ग नाही आणि रस्ता २१० किलोमीटरच्या आसपास. आठवड्याला ये-जा करायची तर घरचं सगळं नवऱ्यावर आणि सासूबाईंवर पडेल. मुलगी नववीत आहे.

तिसऱ्या वाटेकडे माझा ओढा आहे. अंबडमधली एक छोटी कंपनी कंट्रोल पॅनेल आणि कंट्रोलर बनवते. त्यांना मॉडबसवर (कारखान्यातल्या यंत्रांची जुनी संवादपद्धत) बोलणाऱ्या जुन्या कंट्रोलरमधून एमक्यूटीटीवर (नेटवर्कवरून डेटा पाठवायची हलकी पद्धत) डेटा पाठवणारा गेटवे, म्हणजे मधला दुवा, स्वतःचा करायचा आहे. मालकांशी दोनदा सविस्तर बोलणं झालं. माणूस सरळ आहे, प्रश्न नेमके विचारतो. पगार मात्र आताच्या निम्म्याच्या जवळपास. घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून निघतो, त्यामुळे जमेल, पण मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठीची बचत मंदावेल. शिवाय पाच-सहा जणांच्या टीममध्ये प्रॉडक्ट चाललं नाही तर मी पुन्हा ऑर्डरी आणि सर्व्हिस कॉल सांभाळणारी होईन, ही भीती आहे. हे आधीच कसं ओळखायचं? ऑफर लेटरमध्ये कामाचं स्वरूप लिहून घेण्याचा छोट्या कंपन्यांत खरंच उपयोग होतो का?

मुलाखतींचंही विचारायचंय. एका ठिकाणी पूर्ण वेळ अल्गोरिदमची कोडी विचारली, इंटरप्ट किंवा वॉचडॉग अशा फर्मवेअरच्या रोजच्या गोष्टींचा विषयच निघाला नाही. दुसरीकडे प्रायॉरिटी इन्व्हर्जनवर (कमी महत्त्वाच्या कामामुळे जास्त महत्त्वाचं काम अडकून पडणं) गप्पा झाल्या. १९९७ साली मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान याच कारणामुळे सारखं रीसेट होत होतं आणि तो दोष पृथ्वीवरून सेटिंग बदलून काढला गेला, यावर मी आणि मुलाखत घेणारे, आम्ही दोघंही रमलो. शेवटी मात्र ‘तुम्ही इतकी वर्षं मॅनेजर आहात, कंटाळाल’ म्हणून नकार आला. रेझ्युमेत मॅनेजरपदाची वर्षं थोडक्यात आटपून बागेचा प्रकल्प वर आणावा का? ऑफिसचा कोड गोपनीय असल्यामुळे दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे.

भर (पहिले प्रतिसाद वाचून): एआय कोड लिहितं, मग आता खाली कशाला उतरतेस, असं दोघांनी विचारलंय. सेन्सरचा ड्रायव्हर मीही त्याच्याकडून लिहून घेतला आणि तो नीट चालला. पण डबीत दव साचतंय हे बागेत पहाटे जाऊनच कळलं. मला तेच काम हवंय. पदावरून खाली उतरतेय असं मला वाटत नाही.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि अंबडच्या मालकांना या महिनाअखेर उत्तर द्यायचंय. अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या छोट्या प्रॉडक्ट कंपन्यांत काम केलेल्यांनी कृपया जरूर लिहा. पगाराचे आकडे इथे उघड सांगायचे नसतील तर व्यनि केला तरी चालेल.