दुसुतीवरचे टाके आणि जुन्या खेळांचे चौकोन

व्हिडिओ गेमच्या मेळाव्यात पहिल्यांदाच हस्तकलेचे टेबल मांडणाऱ्याने काय विकावे, या प्रश्नावर वर दोघांनी सुचवले आहे की गाजलेल्या खेळांतील पात्रांची चित्रेच विकावीत, कारण लोक ओळखीच्या चेहऱ्यापाशी थांबतात. लोक थांबतात हे खरे. परंतु हाताने काढले म्हणून ते चित्र आपले होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ चित्राची पुनर्निर्मिती हा हक्कधारकाचा अधिकार आहे, तेव्हा तो खेळ काढणाऱ्या कंपनीचे चाहत्यांच्या कलेविषयीचे नियम आधी वाचावेत.

मी जळगावहून मुंबईच्या अशा मेळाव्यात गेले, तेव्हा दुसुतीवरचे, म्हणजे घरे मोजता येतील अशा जाड विणीच्या सुती कापडावरचे, भरतकाम नेले होते. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या घरगुती व्हिडिओ गेम यंत्रावर हलणारी चित्रे ८ × ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जुळवली जात आणि एका तुकड्यात पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत. घरे मोजून फुलीचा टाका घालण्याची जी शिस्त मला आईकडून मिळाली, ती हीच. त्याच मर्यादेत मी केळीचा घड आणि भरिताचे हिरवे वांगे भरले. चौकटीतील मोठे नमुने बहुतेक परत आणावे लागले, पण त्याच नमुन्यांच्या लहान किल्लीसाखळ्या दुपारपर्यंत संपल्या. सकाळी किंमत ऐकून पुढे जाणारे लोक, मी टेबलावरच अर्धवट नमुना भरायला बसल्यावर थांबून टाके मोजू लागले आणि किमतीबद्दल पुन्हा कोणी विचारले नाही. म्हणून हातातले काम अवश्य सोबत न्यावे, आणि मोठ्या चौकटी दोनच ठेवाव्यात.