फुफ्फुसाचा कर्करोग, चौथा टप्पा : मला माहीत आहे हे घरच्यांना कसे सांगू आणि धीर कोठून आणू?

तापीकाठ

सर्वांना नमस्कार. मी रावेर तालुक्यातील एका गावात राहते. माझे वय ५९ असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळीपासून कोरडा खोकला होता. एक्स-रेमध्ये डाग दिसला म्हणून क्षयरोगाची औषधे सुरू झाली आणि ती चार महिने चालली, पण खोकला थांबला नाही, उलट ओसरीच्या तीन पायऱ्या चढतानाही धाप लागू लागली. मग छातीत पाणी झाल्याचे निघाले आणि ते काढून तपासले तेव्हा त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. मी बिडी-सिगारेट कधी ओढली नाही, मिश्रीही लावली नाही. मात्र लग्नानंतरची वीस-बावीस वर्षे तुराट्या-पऱ्हाट्यांच्या धुरात, चुलीपुढे बसून स्वयंपाक केला.

हे सगळे मला कोणी सांगितलेले नाही. यजमान म्हणतात, "पाण्याची गाठ आहे, औषधाने जिरेल." पुण्याचा मुलगा फोनवर तेच शब्द तसेच्या तसे बोलतो, तेव्हाच मला शंका आली. फाईल लोखंडी कपाटात माझ्याच लग्नातल्या शालूखाली ठेवलेली सापडली. चौतीस वर्षे मुलांना शिकवले, तेव्हा चौथा टप्पा म्हणजे काय हे मला वाचता येते.

आता घरात सगळे मला जपतात आणि माझ्यापासून लपतात. भेटायला येणाऱ्या बायका खाटेच्या कडेवर बसतात, केळीची फणी उशाशी ठेवतात आणि बोलत काहीच नाहीत. परवा एका नात्यातल्या बाईंनी माझी बांगडी मनगटावरून कोपराकडे कुठवर सरकते हे बोटाने सरकवून पाहिले. यंदा कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातील सणाच्या, रोटांचे गहू मी निवडायचे की नाही, यावर स्वयंपाकघरात कुजबुज चालते आणि मी आत गेले की थांबते. मला मरणाची भीती वाटतेच, पण त्याहून हा अबोला जास्त जड झाला आहे. या अवस्थेत कोणी वर्षानुवर्षे जगले आहे का? आणि मला ठाऊक आहे हे घरच्यांना कसे सांगावे?

पांझराकाठ

ताई, मी धुळ्यात कापडाचे दुकान चालवतो, वय ५१. माझाही आजार चौथ्याच टप्प्यावर कळला, त्याला या मार्गशीर्षात चार वर्षे पूर्ण होतील, आणि हे उत्तर मी दुकानाच्या गादीवर बसून लिहीत आहे. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होय" असे आहे. प्रत्येकाचे तसेच होईल असे मी म्हणणार नाही, कारण माझ्याबरोबर उपचार सुरू केलेले काही सोबती आज नाहीत.

सर्वांत आधी फाईलमध्ये एक गोष्ट पाहा. गाठीच्या किंवा पाण्यातल्या पेशींची जनुकीय तपासणी झाली आहे का? ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ अशी जनुकांची नावे असलेला कागद असेल. कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, फुफ्फुसाच्या कर्करोगात असे बदल सापडण्याची शक्यता अधिक असते. हे बदल बहुतेक वेळा गाठीपुरतेच असतात, वंशपरंपरेने आलेले नसतात, त्यामुळे मुलाच्या काळजीने झोप उडवून घेऊ नका. बदल सापडला तर रोजच्या गोळीने उपचार करता येतात. तपासणी झाली नसेल तर जपून ठेवलेल्या नमुन्यावरही ती बऱ्याचदा होऊ शकते आणि काही वेळा रक्तावरूनही होते. या कागदावाचून कोणी आपल्याला "आता काही उरले नाही" असे सांगितले, तर ते मानू नका.

माझ्यात ईजीएफआरमधला बदल निघाला. मला जेफिटिनिबची गोळी आणि जोडीला केमोथेरपी दिली. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात या जोडीने आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला होता. तो सोळाचा आकडा मी कित्येक रात्री उराशी धरून पडलो, जणू सतराव्या महिन्याची पहिली तारीख कोणी ठरवूनच ठेवली आहे. पुढे एका तरुण डॉक्टरने कागदावर रेघ ओढून दाखवली : मध्यक म्हणजे निम्मे लोक अलीकडे आणि निम्मे पलीकडे, ती भिंत नव्हे. माझा आजार बावीसाव्या महिन्यात पुन्हा वाढला. फेरतपासणीत टी७९०एम नावाचा नवा बदल दिसला आणि त्यावर ओसिमर्टिनिब सुरू झाले, ते आजही चालू आहे. ही गोळी महाग आहे. २०२४च्या अर्थसंकल्पात तिच्यावरील सीमाशुल्क माफ झाले, तरी आमच्यासारख्यांना मदतीवाचून ती पेलत नाही. मदतीचे मार्ग जाणकारांनी येथे सांगावेत. एएलके निघालेल्या रुग्णांची स्थिती तर याहून आशादायक आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लोरलाटिनिब ही गोळी घेणाऱ्यांपैकी साठ टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढलेला नव्हता.

त्रास होतोच. चेहऱ्यावर पुरळ येते, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. मला तर गज धरून कापड मोजताना अंगठा टेकवणे नकोसे व्हायचे. दर तपासणीच्या आधीचा आठवडा अजूनही वाईट जातो आणि त्या आठवड्यात मी कोणताही मोठा निर्णय घेत नाही.

आता धीराविषयी. आमच्याकडे लग्नाचा बस्ता आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास बांधतात आणि अनेक शेतकरी पैसे कापूस विकल्यावर देतात. आजार कळल्यावर मी अशी उधारी बंद केली, कारण वसुलीला मी असेन की नाही कोण जाणे, असे वाटले. वर्षभराने एक जुने गिऱ्हाईक मुलीचा बस्ता घ्यायला आले आणि हात आखडून निम्मेच कापड काढू लागले. त्यांची मुलगी हिरव्या शालूवरून हात फिरवत होती. मी वही उघडली आणि त्यांच्या नावावर पूर्ण बस्ता लिहिला. त्या दिवशी मी स्वतःला पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती, हे मला घरी जाताना कळले. ती उधारी आली आणि त्यानंतरच्याही आल्या. रोटांचे गहू आपणच निवडा, ताई.

सातपुडा पायथा

ताई, मनात वाईट विचार आणू नका, सकारात्मक राहा. आमच्या ओळखीत एकांना डोंगरातील एका वैदूच्या काढ्याने पूर्ण गुण आला. त्यांनी दवाखान्याची औषधे बंद केली होती. हवे असल्यास पत्ता देते.

गिरणाकाठ

आदरणीय ताई, मी चाळीसगाव तालुक्यातला. माझे वडील एसटीत चालक होते आणि त्यांनी तीस वर्षे बिडी ओढली. आजार कळल्यापासून चौदा महिन्यांनी ते गेले. आपण आशेविषयी विचारले आहे आणि माझी हकीकत बरे झाल्याची नाही, म्हणून लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. परंतु लपवालपवीविषयी मला जे कळले ते मला फार उशिरा कळले, आणि आपल्या घरी ते वेळेवर कळावे अशी इच्छा आहे.

आम्हीही नानांपासून सहा महिने लपवले. आईने सर्वांना देवाची आण घातली होती. एका रात्री मी त्यांची पाठ चोळत होतो, तेव्हा ते म्हणाले, "तुझी माय घाबरेल म्हणून मी बोलत नाही. तिला सांगू नको मला समजलंय ते." म्हणजे एकाच खोलीत दोघेही एकमेकांना वाचवत एकटे पडले होते. दुसऱ्या दिवशी मी दोघांना एकत्र बसवले. आई खूप रडली, आणि नंतर पहिल्यांदाच तिने त्यांना विचारले, "तुम्हाला काय हवं आहे?" नानांना धाकट्या भावाशी बोलायचे होते. बांधावरून अकरा वर्षे बोलणे बंद होते. काका आले, सातबाऱ्याची गोष्ट कोणी काढलीच नाही, दोघांनी मिळून वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. नानांनी दोनच घास खाल्ले असतील.

आपले यजमान आपल्याला फसवत नाहीत. आपल्यापुढे ते वाक्य उच्चारण्याचे बळ त्यांच्यात नाही, एवढेच आहे, आणि पहिले वाक्य बहुधा आपल्यालाच उच्चारावे लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे वेदना, धाप असा त्रास हलका करणारी सेवा, जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आम्ही ते नाव ऐकून घाबरलो, कारण ते शेवटच्या दिवसांसाठीच असते असा आमचा समज होता. अमेरिकेत बॉस्टन येथे फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही सेवा मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले, आणि त्यांचे मध्यक आयुष्यही ८.९ऐवजी ११.६ महिने निघाले. म्हणून ती सेवा आजच मागा.

धापेसाठी दोन साध्या गोष्टींचा नानांना उपयोग झाला. टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कोपर टेकवून पुढे वाकून बसणे, आणि बॅटरीवरचा छोटा पंखा नाका-गालावर वारा येईल असा हातात धरणे. डॉक्टरांनी अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिनही सुचवले होते. "व्यसन लागेल" म्हणून मी दोन महिने नकार दिला. त्या दोन महिन्यांत ते रात्र-रात्र खुर्चीत बसून काढत. पुढे औषध सुरू झाले आणि ते आडवे होऊन झोपले. तो नकार मला अजून सलतो.

आणि बिडीविषयी. भेटायला येणारा प्रत्येक जण "ओढत होते ना?" असे विचारायचा. आपण ओढली नाही म्हणून आपल्याला लोक हळहळ देतात, नानांना ती मिळाली नाही. आजारी माणसाला त्याचा हिशेब विचारू नये, मग त्याने काहीही ओढलेले असो.

रुग्णसेवा-जळगाव

मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. आधी सातपुडा पायथा यांना नम्र विनंती : आपला हेतू चांगला आहे हे मी जाणते, परंतु औषधे बंद करून काढा घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. या गोळ्यांचे विघटन यकृतात होते आणि अनोळखी काढ्याने यकृताला इजा झाली तर चालू असलेला, गुण देणारा उपचारच थांबवावा लागतो. असे मी पाहिले आहे. पित्ताची साधी गोळीसुद्धा जेफिटिनिबचे शोषण कमी करू शकते, म्हणून घेत असलेली प्रत्येक वस्तू डॉक्टरांना सांगावी.

ताई, "सकारात्मक राहा" हे ओझे आपण घेऊ नये. रडू आले तर रडावे, त्याने गाठ वाढत नाही. बोलायला कोणी नसेल तेव्हा टेलि-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर दिवसा-रात्री मराठीत बोलता येते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना शिधापत्रिका आणि आधार दाखवावे आणि आपला उपचार, विशेषतः गोळी, त्यात बसते का हे स्पष्ट विचारावे. जे बसत नाही त्यासाठी मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी आहे आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला धर्मादाय संस्था ठाऊक असतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा नमुना रुग्णालयाकडून भरून घ्यावा. मुंबईत राहायचे झाल्यास दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन येथे आधी चौकशी करावी.

भेटायला येणाऱ्यांना कामे वाटून द्या. एकीने गुरुवारी भाकरी करून आणावी, दुसरीने रिपोर्ट आणून द्यावा, तिसरीने नुसते शेजारी बसून कापसाच्या वाती वळाव्यात. लोकांना काय करावे ते कळत नाही म्हणूनच ते बांगड्या सरकवून पाहतात.

तापीकाठ

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. गिरणाकाठ, आपल्या नानांची हकीकत मी दोनदा वाचली. आपण त्यांच्यासाठी केले ते थोडे नाही.

काल रात्री जेवणे झाल्यावर मी शालूखालची फाईल काढली आणि यजमानांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटले, "ही मी वाचली आहे. आता आपण दोघांनी मिळून वाचू." ते काही बोलले नाहीत, उठून ओसरीत गेले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा डोळे लाल होते, आणि हातात चष्मा होता. एक-एक पान ते मोठ्याने वाचत गेले, अडले तेथे मी अर्थ सांगितला. जनुकीय तपासणीचा कागद त्यात नाही. नमुना जपून ठेवला आहे का, हे विचारण्यासाठी आम्ही दोघे सोमवारी जळगावला जात आहोत, आणि मुलगा पुण्याहून थेट तेथे येणार आहे.

गव्हाने भरलेले सूप आज दुपारी सुनेने माझ्यासमोर आणून ठेवले. अर्ध्या तासाने दम लागला तेव्हा उरलेले गहू तिने निवडले, आणि कोणी कुजबुजले नाही.

पांझराकाठ, एक विचारायचे राहिले : नखांच्या कडा सुजल्यावर आपण काय लावत होता?